उसनं नाक

ट्रक इथेच थांबव, कोल्बी. फाटकाच्या आत नको,
रात्री सुपिरियरवरून पुन्हा हातभर बर्फ आलाय.
नळी ओढत जाऊ. साठ पावलं आहेत, मी मोजलीत.
ती नारिंगी काठी दिसते? तिच्याखाली टाकी.
काठी मीच रोवली, ऑक्टोबरात,
कारण जानेवारीत इथे टाकी आणि झोपलेली गाय
सारखीच दिसते.

फावडं राहू दे. झाडू घे.
झाकणाखाली रेग्युलेटर आहे, त्याच्यावरचा बर्फ
बाळाच्या कपाळावरचे केस सारावेत, तसा सार.
ऐंशी टक्क्यांवर थांबायचं.
वरची जागा रिकामी नाही,
उन्हाळ्यात फुगायला ठेवलेली आहे.

हे घर लेम्पी कार्वोनेनचं. वय शहाऐंशी.
नवरा आर्वो खाणीत होता, आता टेकडीवर.
बाई कडक. सौना अजून लाकडावरच तापवते.
सहा वर्षांपूर्वी एका तापात तिचं नाक गेलं.
म्हणजे आहे, चेहऱ्याच्या मधोमध, चांगलं सरळ,
वास तेवढा गेला.
कुणाला बोलली नाही. दात गेले तर लोक सांगतात,
नाक गेल्याचं कोण सांगतं?

दोन वर्षांपूर्वी असाच गुरुवार होता.
छपरावरून बर्फाची लादी सुटली,
भिंतीलगतच्या पाइपावर बसली.
तिनं धप्प ऐकलं, म्हणाली, छप्पर हलकं झालं, बरं झालं.
मी बिल घेऊन दारात.
टेबलावर वेलदोड्याचा पाव, तासाभरापूर्वी काढलेला.
म्हणाली, व्हर्लिन, कसा वास येतोय ते सांग मला.
तेव्हा कळलं.

मी हुंगलं.
वेलदोडा. लोणी. किंचित करपलेली साखर.
आणि त्यांच्याखाली, तळघराच्या पायऱ्या चढत आलेलं
काहीतरी,
सडक्या कोबीसारखं.

मूळ गॅसला गंध नसतो, पोरा. तो घाण वास
मुद्दाम घालतात, माणसानं उठून पळावं म्हणून.
एवढी मोठी तजवीज,
आणि सगळी एका नाकाच्या भरवशावर.

तिला दंडाला धरलं. कोट नाही, पायात घरातल्या चपला.
निघता निघता तिचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला,
जन्माची काटकसर.
मी हात धरला.
लावायचा नाही. विझवायचाही नाही.
खाली भट्टी कुठल्याही क्षणी पेटणार होती,
दोघांच्याही नाकाला सूत धरायची वेळ.
तिला रस्त्यापलीकडच्या पावल्सनकडे नेलं,
फोन तिथूनच केला.
वाटेत टाकीचा व्हॉल्व्ह, उजवीकडे, घट्ट.
परत आत गेलो नाही. पाव आतच राहिला.

आता तिच्या भिंतीवर घोट्याच्या उंचीला एक यंत्र आहे.
हा गॅस जड, पाण्यासारखा खाली उतरतो, कोपऱ्यात साचतो.
झोपायच्या खोलीबाहेर दुसरं यंत्र आहे,
भट्टीचा धूर कोंडला तर जे विष होतं, त्याच्यासाठी.
त्याला वासच नाही.
त्याच्यापुढे तुझं नाक, माझं नाक, सगळी लेम्पीचीच.
म्हणून जाताना धुराड्याच्या तोंडाचा बर्फ काढायचा.
आपलं काम नाही, तरी काढायचा.

आता आत ये, बूट झटक.
ती विचारेल. नुसतं छान म्हणू नकोस, तिला राग येतो.
पाव कुठे करपलाय, लोकर ओली आहे का,
कॉफी कालची आहे का, नीट सांग.

मागच्या खेपेला तिनं आर्वोचा कोट पुढे धरला.
मी बराच वेळ नाक खुपसून उभा होतो.
डांबराच्या गोळ्या होत्या. धूळ होती.
तंबाखू, म्हणालो मी. थोडी. कॉलरपाशी.

एवढं एकच खोटं.
टाकीपाशी असलं काही चालत नाही, कोल्बी.
तिथे येतो तो वास येतो म्हणायचं,
आणि दिवा तसाच सोडून बाहेर पडायचं.