मस्टर

रिक्षावाला पावण्याच्या पंपापाशीच थांबला.
"पुढं नाय येत. तिथं रात्री दगड फोडतात."
कोण, विचारलं तर मीटरकडे बघत म्हणाला,
"तेच."

उरलेलं अंतर चालले. संध्याकाळचे साडेपाच,
खांद्याला पिशवी, पिशवीत वडिलांचा मस्टर.
एका अंगाला डेटा सेंटरची बिनखिडक्यांची भिंत,
आत सतत घरघर, कुणी पाठीवर झोपल्यासारखी.
दुसऱ्या अंगाला अर्धा खाल्लेला डोंगर.
मधे खाणीचं पोपटी तळं
आणि काठच्या घाणेरीत ते.

नकाशात तिथे "मोकळी जागा" लिहिलंय,
समोरच्या टॉवरवाल्यांसाठी ती "भुताची खाण",
वडार वस्तीत नुसतं "तिकडं".

टॉवरमधल्या बायकांनी सगळं सांगितलं होतं:
अवसेला छिन्नी वाजते,
एक बाई पाटी उचलू लागायला बोलावते,
आणि कुणाचा तरी कुत्रा तळ्यापर्यंत गेला
तो परत कधी भुंकलाच नाही.
कुत्र्याचं मला खरं वाटलं.

वडील गेल्या पौषात गेले. गादीखाली
विम्याचे कागद, दोन चेकबुकं आणि हा.
मुकादमाला चांगलं अक्षर लागत नाही,
त्यांचं होतं.
सत्त्याऐंशीचा फेब्रुवारी.
सतरा तारखेपर्यंत सगळ्यांपुढे ह, ह, ह,
अठरापासून नऊ नावांवर तिरपी रेघ
आणि एका शाईत, एका बैठकीत:
गावी गेला. गावी गेला. गावी गेली.
स्त्रीलिंग कुठेही चुकलेलं नाही.

त्या मार्चात आमच्याकडे फ्रीज आला.
बर्फाचा ट्रे पहिल्यांदा मी पिळला,
तो असा काही कडाडला
की धाकटा टाळ्या वाजवत नाचला.

थडगी नाहीत. गुडघ्याएवढे काळे दगड, उभे.
एकावर मासा कोरलेला. एकावर फणी.
एकावर सायकलचं चाक, आऱ्यांसकट.
"लिवाय येत न्हाई," मागून आवाज आला,
"म्हून ज्याला जे आवडायचं, ते."

तिम्मण्णा. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली,
हातात छिन्नी.
दिवसा वॉचमन हाकलतो, म्हणून रात्रीचा येतो.
आज वॉचमनला ताप आहे, म्हणून लवकर.

जेवणाची सुट्टी होती, त्यानं सांगितलं.
सुरुंगाआधी भोंगा व्हायला पाहिजे होता.
भोंगा मुकादमाच्या हातात असायचा.
एवढं सांगून तो खाली बसला
आणि तंबाखू मळत राहिला, फार वेळ.

काय बोलायचं ते घरून ठरवून आले होते.
त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.
मस्टर उघडला, वाचायला लागले.
मारत्या. दुर्गप्पा. यंकव्वा.
प्रत्येक नावाला त्याची मान हलायची
आणि बोट एकेका दगडाकडे जायचं.
"फुडं काय लिवलंय?"
"गावी गेला."
"गाव?" तो म्हणाला. "आमचं कुटलं गाव, बाई.
दगड तिथं पाल."

नववा दगड कोरा होता.
"ही नवी आल्ती. दोनच दिस. नाव कुनालाच ठावं न्हाई.
काय आवडायचं, कुनी इचारलंबी न्हाई."

शेवटची ओळ. हजेरी दोन दिवसांची.
सायव्वा.
अख्ख्या जगात एवढ्या एकाच जागी, तिरप्या रेघेखाली.

खडूचा तुकडा त्यानंच दिला.
मी दगडावर लिहिलं.
व्वाची गाठ वडिलांसारखीच आली,
पुसून पुन्हा काढली, पुन्हा तशीच आली.
मी कोण, मस्टर माझ्याकडे कसा,
त्यानं विचारलं नाही.
अक्षरांकडे मासा बघावा तसं बघितलं
आणि घाव घातला.

अंधार पडला. मी मोबाईलचा उजेड धरून बसले.
छिन्नी वाजत होती, तळं तिला उलट वाजवत होतं.
समोरच्या टॉवरमध्ये, सातव्या की आठव्या मजल्यावर,
कुणीतरी गॅलरीत आलं, आमच्याकडे बघितलं,
आणि पोराला आत ओढून
दार लावून घेतलं.