खालचा सूर

तिबिलिसी. नदीकाठची गॅरेजांची गल्ली,
पत्र्यांवर नोव्हेंबरचं दहिवर.
लामारा चिकोवानी गाडी लावते, इंजिन चालूच ठेवते.
"पुन्हा तो पिवळा दिवा, बद्री.
दोघांनी पुसून दिला. आठवड्यात हजर."

स्कॅनर जोडतो. पी शून्य चार दोन शून्य.
म्हणजे काय?
म्हणजे धूर धुणारा डबा कामचुकार झालाय
असा गाडीचा संशय. संशयच.
संशयावर डबे बदलणारे या गल्लीत पुष्कळ.

चाळीस वर्षं ती चर्चच्या गायकवृंदात गाते,
म्हणून पडद्यावरच्या दोन रेघा तिला दाखवतो.
ही डब्याच्या आधीच्या सेन्सरची,
वर, खाली, वर, खाली. हिचं तेच काम.
ही डब्याच्या नंतरची. हिनं
तुमच्या बानीसारखं खालचा सूर धरून बसायचं,
वरचे आवाज कुठंही भटकोत.
लामारा चष्मा कपाळावर सरकवते.
"ही तर वरच्याची नक्कल करतेय.
अशाला मी रांगेबाहेर काढते."

थांबा. आधी गळती बघू.
नळीत धूर सोडतो, जोडांवरून दिवा फिरवतो. कुठं फुंकर नाही.
प्लग स्वच्छ. एकही ठोका चुकत नाही.
सेन्सरही जिवंत आहेत, गॅस सोडला की दचकतात.
मग गाडी उचलतो.

तापमापक रोखतो.
डब्यात शिरताना तीनशे दहा,
बाहेर पडताना दोनशे सत्तर.
उलटं हवं होतं. आत काहीच पेटत नाही.
दुसऱ्या सेन्सरखाली अंगठ्याएवढा पितळेचा बुश,
त्याला धुरापासून लांब ठेवून
खोटं बोलायला लावणारा.
बुशाला तडा गेलाय.
दिवा इतक्या वर्षांनी का लागला, ते कळलं.

रबरी हातोडीनं टकटक.
फुटकी जाळी खुळखुळते.
हा डबा खुळखुळत नाही,
रिकाम्या पिंपासारखा बोलतो.

डब्याच्या पाठीवर, जिथं डोळा पोचत नाही,
बोटांना शिवण लागते.
आरसा धरतो. टॉर्च धरतो.
दर तीनचार टाक्यांनी उजवीकडे झुकलेलं वेल्डिंग,
शेवटी उंदराच्या शेपटीसारखा ओघळ.
त्या वर्षी माझा उजवा अंगठा मोडला होता.
डाव्या हातानं करत होतो सगळं.

तेव्हा कोणी तपासत नव्हतं.
डबा कापायचा, पोळ्यासारखी करडी वीट काढायची,
डबा परत शिवायचा, वीट वजनावर विकायची.
मालकाला सांगायचं, गाडी आता मोकळा श्वास घेईल.
किती काढल्या? मोजल्या नाहीत.
त्या हिवाळ्यात आईला दात बसवले,
फ्रीज घेतला. फ्रीज अजून चालतो.

खालूनच विचारतो, गाडी कोणाची होती?
"भाच्याची. त्यानं याच गल्लीतून घेतली."
मला फक्त तिचे बूट दिसतात.
एकाची नाडी सुटलेली.
"सकाळी गाडी गरम करते ना, तेव्हा डोळे चुरचुरतात.
मला वाटायचं, वय."

बाहेर येतो. हात पुसतो. पुसतच राहतो.
डबा रिकामा आहे, सांगतो.
आतलं कोणीतरी काढून घेतलंय.
"कोणीतरी," ती म्हणते,
आणि माझ्या अंगठ्याकडे बघायचं टाळते.

नवा डबा यायला चार दिवस लागले.
नवे गॅस्केट, नवे बोल्ट. बुश नाहीच.
गाडी डोंगरापर्यंत नेऊन आणली, मग रेघा लावल्या.
वरची उड्या मारत होती.
खालची बसली होती,
शून्य पूर्णांक सात, शून्य पूर्णांक सात,
जणू कोणी तिच्याकडे पाहतच नव्हतं.
लामारानं तोंड मिटूनच तो सूर धरला, क्षणभर,
आणि पाकीट उघडलं.

डब्याचे द्या, म्हटलं. मजुरी राहू दे.
"का?"
इंजिन चालू होतं, हवेत कसलाच वास नव्हता.
"मजुरी घे, बद्री. फुकट मी कोणाकडून काही घेत नाही.
तूही घेऊ नकोस."

पावतीवर मजुरी लिहितो.
खोडतो.
पेन नीट उमटत नाही, परत लिहितो.