आठवडा क्रमांक एकतीस

दीड तास फक्त ऐकून घ्या, म्हणाले होते,
काही घेतलं नाहीत तरी काचेचा डिनर सेट तुमचा.
सांगलीतल्या त्या थंडगार हॉलात
आपण डिनर सेटसाठी गेलो
आणि महाबळेश्वर घेऊन आलो,
पंचवीस वर्षांसाठी, वर्षाला सात दिवस.

लाल आठवडे मे महिन्याचे, डॉक्टरांचे, बिल्डरांचे.
निळे दिवाळीनंतरचे.
पांढरा सगळ्यांत स्वस्त.
पांढरा का म्हणतात
ते पहिल्या वर्षी खिडकी उघडल्यावर कळलं.

तेव्हापासून सनसेट पॉइंट आपल्याला पाठ आहे,
सनसेट नाही.
कठड्याशी छत्री सावरत
समोरच्या धुक्यात बोट रोवून तुम्ही सांगायचात,
तो बघा प्रतापगड.
मुलं हो म्हणायची.
जावई एकदा 'कुठे?' म्हणाला
तर रात्रीपर्यंत त्याच्याशी बोलला नाहीत.

तिसाव्या आठवड्याची माणसं
मी कधी पाहिली नाहीत.
ओट्याखाली त्यांची मिठाची पुडी असायची,
एकदा अर्धं लिंबू,
एकदा बाळाचा एकच मोजा.
तो धुऊन मी खिळ्याला अडकवला.
पुढच्या वर्षी तिथेच होता,
त्याच्या पुढच्या वर्षीही.
आता त्या बाळाला मिशी फुटली असेल.

मग मीही बत्तिसाव्यांसाठी
मेतकुटाची बरणी ठेवायला लागले.
आवडतं की नाही, कोण जाणे.
पण वर्षानं आले की बरणी
घासून, पुसून, पालथी घातलेली असायची.

काल रात्री झोप येईना.
पंचवीस साते पावणेदोनशे.
या घरात आपल्याला
अजून सहा महिनेसुद्धा झाले नाहीत, अहो,
आणि तुमचे दोन्ही गुडघे गेले.

आज शेवटचा चेक-आऊट, दहाच्या आत.
तुम्ही केव्हाच गाडीत जाऊन बसलात,
वायपर चालू करून.
कोंडीबा ढेबे यादी घेऊन आला,
टॉवेल चार, उशा चार, गीझर चालू.
पहिल्या वर्षी बॅगा उचलायला होता हा,
पोरसवदा, कानात बाळी.
म्हटलं, संपलं हो आमचं. तुमचं बरं, बारा महिने इथेच.

तो खिडकीशी गेला.
भिंतीच्या गवताच्या झडीतून पाणी गळत होतं.
खाली कुठेतरी, पांढऱ्यात, त्यानं बोट दाखवलं,
अगदी तुमच्यासारखं.
"आमचंबी तसंच हाय की, बाई.
तापोळ्याच्या अंगाला, धरणात.
एप्रिलात पानी उतारलं की वावर वर येतं.
आज्यानं घातलेला बांध बी दिसतो,
दगडाला दगड तसाच.
नांगराची गरज न्हाय, निसता गाळ.
टाकायचं, काढायचं,
आन् मिरगाच्या फुडं
आमचाबी चेक-आऊट."
आणि हसला.
मी त्या बोटाच्या रेषेत बघत राहिले.
हो म्हणाले.

चमचे सहा, यादीत.
त्यानं मोजले, पाच निघाले.
"दरसाल पाचच असत्यात,"
म्हणून त्यानं सहावर बरोबरची खूण केली.
मला सही करायला लावली.

खाली हॉर्न.
ओट्यावर यंदाची बरणी होती, काठोकाठ.
सवयीनं ठेवलेली.
न्यायची की ठेवायची कळेना,
म्हणून विचारलं,
बत्तिसावे खातात का हो मेतकूट?

कोंडीबानं उशीचा अभ्रा उलटा केला, सुलटा केला.
"खात्यात की," म्हणाला,
"नाचणीच्या गरम भाकरीबर
लई झ्याक लागतं."

हॉर्न पुन्हा वाजला.
मी झाकण जरा घट्ट केलं
आणि चावी बरणीशेजारी ठेवली.