परतीचा दोर

खेळातली दरी आमच्या दरीसारखीच आहे,
फक्त तळातली नदी निळी आहे.
आमची क्विरिला मँगनीज धुऊन धुऊन काळी झाली,
हे खेळ बनवणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.

डावीकडे सुट्या भागांची यादी:
चाकं, बिजागऱ्या, स्प्रिंगा, पिस्टन, दोर.
हवे तेवढे घ्या, संपत नाहीत.
बाबा त्या यादीकडे बघत राहतो
मिठाईच्या दुकानाबाहेर उभं राहिल्यासारखा.
चार नंबरचा पाळणा चालू ठेवायला
त्यानं सहा नंबरचा सोलून काढला होता,
बोल्टामागून बोल्ट, एकोणीस वर्षं.
मग दोन्ही थांबले.
खाणीनं त्याला एक घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं.

"ह्याला वंगण कुठून घालायचं?"
घालावं लागत नाही, बाबा.
"आणि गंज?"
चढत नाही.
"मग माणसं करतात काय दिवसभर?"

मी मांडत जाते. खांब, कप्पी, दोर, खाली लोंबता पाळणा.
तोवर हवेत ठेवलेलं हवेतच राहतं.
मग स्पेसबार.
स्पेसबार दाबला की वजन सुरू होतं.
पहिल्यांदा खांबच वाकला.
सातव्यांदा दोर कप्पीतून निसटला.
बाविसाव्यांदा पाळणा उलटा होऊन
निळ्या नदीत असा काही बसला, की मला हसू आलं.
बाबा हसला नाही.

खेळाला पाच ठोकळे पलीकडे हवेत.
बाबानं त्यांना नावं दिली.
हा बोंदो, ऐंशी किलो, शिवाय अवजारांची पिशवी.
ही गुलनाझी, दाराशीच बसणार, सांगून ऐकायची नाही.
हे शाळेचं पोर, हलतं वजन, ह्याच्यावर लक्ष ठेव.
उरलेले दोघे भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत,
एक इकडे बसव, एक तिकडे, तेवढाच तोल.

तिसाव्या वेळी वैतागून मी गुलनाझीला पुसून टाकलं.
पाळणा सुळकन निघाला.
"थांब," बाबा म्हणाला. "तिला घरी जायचंय."
मी तिला परत बसवलं. दाराशी.

फेब्रुवारीतल्या एका रात्री पाळणा मध्येच अडकला होता,
आत अकरा जण, बाहेर वारा.
बाबा दोरावरून सरपटत गेला.
हे तो कधी सांगत नाही, आई सांगायची.
जीव टांगणीला लागणं म्हणजे काय
ते तिनं खाली उभं राहून, मान वर करून, पाहिलंय.
आता ती बारीत एका म्हातारीला
पलंगावरून खुर्चीत उचलते, खुर्चीतून पलंगावर.
त्या उचलण्यातून हा संगणक आला.
रोज नऊला ती ह्याच पडद्यावर येते.
कधी चित्र अडकतं, तोंड अर्धं उघडं,
आणि आम्ही दोघं काही न बोलता
तिचं वाक्य सुटायची वाट बघतो.

"एक पाळणा कशाला?" बाबा म्हणाला.
"दोन लाव. एकाच दोराला.
उतरणारा चढणाऱ्याला ओढतो.
इंजिनाला नुसती दिशा सांगायची असते."
त्यानं माझ्या हातातून माऊस घेतला,
पाना धरावा तसा, मुठीत.

त्रेचाळीसाव्यांदा बोंदो, गुलनाझी, पोर आणि दोघे भाऊ
करकर न करता दरी पार झाले.
पडद्यावर तारे फुटले. पुढची पातळी उघडली.
मी ओरडले, खुर्ची पडली.

बाबा आमच्या काठाकडे बघत होता,
तिथं दुसरा पाळणा येऊन टेकला होता.

"हा रिकामा कसा?" त्यानं विचारलं.
"तिकडून कुणी बसलंच नाही?"

नऊला पाच कमी होते.
खेळ मी बंद केला नाही,
नुसता थांबवला.