सिलिंडरची तारीख

ओट्याखालच्या दाराला आतून पेन्सिलीने तारखा आहेत,
सगळ्या मालूवन्संच्या अक्षरात.
सिलिंडर लावला तो दिवस, आणि पुढे, किती पुरला:
चव्वेचाळीस. त्रेचाळीस. पंचेचाळीस, पाहुणे नव्हते.

डाळीला उकळी आली की वन्सं गॅस बंद करत,
वर झाकण, झाकणावर वरवंटा,
उरलेलं डाळीचं डाळीने बघायचं.
पेस्टची ट्यूब कात्रीने उभी चिरत.
मेथी आणायला कन्नमवारनगरच्या बाजारात रात्री नवानंतर जात,
भाजीवाला गोणपाट गुंडाळायला लागला की.
मी एकदा चहा दुसऱ्यांदा गरम केला,
तर भिंतीकडे बघून म्हणाल्या,
'आग काय फुकट मिळते?'

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी लग्न केलं.
पोस्टातले गोगटे, बिजवर, बदलापूरला स्वतःचा ब्लॉक.
आम्ही अवाक.
हॉलसुद्धा त्यांनीच घासाघीस करून
मंगळवारचा घेतला.

त्यानंतरचा पहिला सिलिंडर
त्रेपन्न दिवस चालला.
'एक माणूस कमी झालं,' हे म्हणाले.
पण त्या जेवायच्या किती? दीड पोळी.

मग पिंपामागे सापडलं
एका कपाचं पातेलं,
बूड काळं,
आत वेलचीचं साल चिकटलेलं.

वेलची आमच्याकडे फक्त दिवाळीला येते.

काल सगळे झोपल्यावर
मी ते पातेलं घासलं. आतून. बूड तसंच ठेवलं.
लायटर वाजू नये म्हणून काडी ओढली
आणि उभ्यानेच प्यायले, अंधारात, अख्खा कप.

या वेळी बहुतेक
चव्वेचाळीसच भरतील.