लाल दोरी

गुरुवार. एमआयडीसीची सुट्टी.
नाना पेठेत गाडी लावायला जागा नाही,
म्हणून दोन गल्ल्या मागे स्कूटर ठेवून
आम्ही चालत आलो, शाल्मली आणि मी,
टांगलेल्या मडगार्डांखालून,
सायलेन्सरच्या झुंबरांखालून.

मुनोतशेठनी आधी गुलाबी दाखवली.
पुढे टोपली, हँडलला झिरमिळ्या.
"मुलींना हीच जाते."
शाल्मली म्हणाली, चिखलाच्या रंगाची आहे का?
म्हणजे धुवावी लागणार नाही.

शेठनी पोऱ्याला माळ्यावर चढवलं.

तोवर मी बाकीच्या बघत राहिले.
चाकणला मी ब्रेक तपासते, अकरा वर्षं झाली.
दिवसाला बाराशे पॅड हाताखालून जातात,
आणि ते ज्या गाड्यांना लागतात
त्यातली एकही थांबताना मी पाहिलेली नाही.

खोक्यावर लिहिलेलं: वय सहा ते दहा.
वय मी विचारलंच नव्हतं.
मी विचारत होते, हँडल पूर्ण वळवलं
की तिचं कोपर ताठ होतं का.
पाय पायरीवर सपाट टेकतात, की नुसते चवडे.
आणि ब्रेकपर्यंत तिची दोन बोटं पोचतात का,
बसल्या जागी, न बघता.

"मोठी घ्या ताई," शेठ म्हणाले,
"पोरं वाढतात. दोन वर्षं जास्त चालेल."
खरं आहे. आमच्या घरात सगळंच
दोन वर्षं जास्त चालेल असं आणलेलं:
बाह्या दुमडलेला गणवेश,
टोकाला कापूस कोंबलेले बूट.
पण ब्रेकची बाही दुमडता येत नाही.

माळ्यावरून उतरली ती तपकिरीच होती.
पोऱ्याने फडकं मारलं तर खालून हिरवी निघाली.
शाल्मलीचं तोंड पडलं.
मग म्हणाली, असू दे. होईल परत.

ती बसली. मी फरशीवर, तिच्या गुडघ्यांसमोर.
कोपर वाकलेलं. पाय सपाट.
दोन बोटं, न बघता.
मी तीनदा करायला लावलं. चौथ्यांदा ती वैतागली.

शेठनी अंगठ्याखालचा स्क्रू दाखवला.
आत पिळला की वेग कमी,
मूल मोठं होईल तसा सोडत जायचा,
एकेक आटा.
"किती सोडायचा, हे कोण सांगणार?"
शेठ म्हणाले, "आता तेही आम्हीच सांगू का?"

मग मागची लाल दोरी.
एक टोक इंजिनापाशी, एक माझ्या मनगटात.
ओढली की बंद.

गाडीचे दोन हजार कमी करून घेतले.
हेल्मेटचे कमी करा म्हणायला
जीभ उचलली नाही.

मोशीला, आमच्या सोसायटीच्या मागे,
कोर्टात अडकलेला एक प्लॉट आहे.
स्क्रू पूर्ण आत पिळलेला,
तरी ती माझ्या चालीपेक्षा जराशी पुढे.
एवढीशीच.
त्या एवढ्याशासाठी मला पळावं लागलं,
ओढणी कमरेला खोचून, एक चप्पल मागे टाकून.
वॉचमन कांबळेकाका खुर्ची फिरवून बघत बसले.

तिसऱ्या फेरीला मी खडीत अडखळले.
दोरी ताणली गेली. इंजिन गप्प.

तिने मान वळवली. रागावली नव्हती,
आमच्या शिफ्टचा इन्चार्ज बघतो तसं बघितलं.
"आई, मी ब्रेक मारलाच नव्हता.
तू थांबवलीस.
आता मी थांबवते. दोरी सोड."

मनगटावर लाल वळ उठला होता.
दोरीचं टोक मी तिच्या जाकिटाच्या कडीत अडकवलं,
गाठ दोनदा बघितली,
आणि उभी राहिले, हात रिकामे कुठे ठेवावेत ते न कळून.

ती गेली.
बाभळीच्या चार हात अलीकडे थांबली.
मी चालत जाऊन मोजलं. चारच.
"बघितलंस?" ती म्हणाली.
बघितलं, म्हटलं.

जिना चढताना माझ्या पर्समध्ये
स्क्रूचा पाना किल्ल्यांवर वाजत होता.
तिला तो आवाज ओळखू येत होता,
मला माहीत आहे.
दोघीही काही बोललो नाही.