प्रथम पुरुष, एकवचन

दहा वीसला पेपर पाच : भाषा.
अकरा दहाला पेपर सहा : साहित्य.
खोली तीच, सतरा नंबर, खडू तोच,
मधली दोन मिनिटं
फळा पुसायची.
एकोणीस वर्षं पुसतेय.

राजमती मगदूम रुकडीहून येते,
सकाळच्या पॅसेंजरनं, डबा छातीशी धरून.
दारातूनच : "मॅडम, उशिरा आलो."
मी, सवयीनं : "आले."
"आले," ती म्हणते, शहाण्या मुलीसारखी,
आणि बाकावर टेकता टेकता शेजारणीला,
"स्टेशनपास्नं पळत आलो गं."

तिच्या वहीत माझी लाल शाई.
धाकट्या भावाच्या जन्माची रात्र लिहिली होती :
'रातभर जागलो. कंदील घेऊन बसलो.
आई वरडली तवा बी भ्यालो न्हाई.'
तीन गोल. दीड गुण गेला.
खाली शेरा : आशय चांगला, भाषा सुधार.
जणू आशय म्हणजे भाकरी
आणि भाषा तिच्याभोवतीचं फडकं,
धुऊन आणलं की झालं.

अकरा दहाला नेमलेली कादंबरी.
तिच्यातली बाई बांधावरून म्हणते, 'मी जातो.'
माझा आवाज दाटला.
"बघा, हेच प्रमाण भाषेत लिहिलं असतं
तर बाई कागदावर मेली असती."
माना खाली, पेनं चालू.
मी सावकाश सांगितलं,
बो-ली-चा जि-वं-त-प-णा,
दहा गुणांना हमखास.

राजमती लिहीत नव्हती.
"मॅडम, मग मी पुस्तकात गेलो
तर चालंल काय?"
वर्ग हसला. ती नाही.
"आणि ह्यो प्रथम पुरुष म्हणत्यात,
त्यो बाप्याच असतोय काय?"

उत्तर दिलं मी.
संज्ञा जुनी आहे, इथं पुरुष म्हणजे नर नव्हे,
संकेत असतो, पुढच्या तासाला बघू.
उत्तर बरोबर होतं.
बरोबर उत्तरं खडूसारखी
चिमटीतच असतात आमच्या.

सातवीत होते तेव्हा
पुण्याहून बदलून आलेल्या बाईंनी
पाटीवर 'मी गेले' पन्नास वेळा लिहून घेतलं.
गंगावेशीच्या मागच्या बोळातून, म्हशींच्या धारेच्या वासातून,
पन्नास वेळा मी गेले.
परत आल्याचं
कुठंच लिहिलेलं नाही.

दुपारी स्टाफरूमच्या दारात थोरलीचा फोन.
"जेवलीस काय?"
"जेवलो की मगाशीच.
सांजच्याला येतो तिकडं, भाकरी टाकून ठेव."
वळले तर समोर राजमती,
हातात पस्तीस वह्यांचा गठ्ठा.
तिनं ऐकलं होतं.
हसली नाही, एवढी तिची रीत.
वह्या टेबलावर ठेवल्या, कडा जुळवल्या,
गेली.

रात्री तपासायला बसले.
तिच्या वहीवर एक गोल अर्ध्यात सोडला.
मग वाटलं, हा तर उपकार झाला,
आणि बाकी चौतीस जणांचं काय?
त्यातल्या निम्म्या तरी घरी जाऊन
'आलो' म्हणतच चप्पल काढत असतील.
विद्यापीठाच्या पेपरात लाल पेन दुसऱ्याचं असणार,
तिथं ह्यांना कोण वाचवणार?
गोल पुरा केला.
पुन्हा खोडला. कागद खरवडला गेला.

आज दहा वीस.
फळ्यावर काल कुणीतरी लिहिलेलं अजून आहे,
पुसायला डस्टर सापडत नाही
किंवा मी शोधत नाही.
हजेरी घेतेय.
मगदूम.
मगदूम राजमती.
पॅसेंजर लेट असणार.
पुढचं नाव तोंडात आलं आणि
दारातून धापा टाकत,
"आलो, मॅडम. आ—"
थांबली. माझ्याकडं बघत राहिली,
दुरुस्ती कोण करतंय
त्याची वाट बघत.

मी मान खाली घालून खूण केली :
हजर.
नशीब, ह्या शब्दाला
अजून कुणी लिंग लावलेलं नाही.